सतरावा पेपर

लोकप्रशासनाच्या एम.ए.ला चौसष्ट क्रेडिट लागतात. माझ्याकडून अडुसष्ट करून घेतली. फसवलं आमच्या अभ्यासकेंद्राने आणि फसले मी. चार क्रेडिटचा एक अख्खा पेपर, तीस दिवसांचं काम, वर तोंडी परीक्षा, शंभरात अठ्ठ्याहत्तर गुण, आणि गुणपत्रिकेवर त्याची एक ओळसुद्धा नाही.

हे आधी लिहून टाकते, कारण पुढे मी बरंच हसत लिहिणार आहे. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची होती. पण मजा आली म्हणून फसवणूक माफ होत नाही.

मी सांडोर गावची. घरामागे केळीची वाडी आणि केळींच्या मधल्या जागेत भाजीचे वाफे. लग्नानंतर बाजारात टोपली घेऊन बसले, मग गाळा घेतला, मग केटररवाल्यांना माल द्यायला लागले. आज दोन टेम्पो आहेत. यातलं काही कुणी हातावर ठेवलं नाही, प्रत्येक गोष्ट भांडून मिळवली. चाळिशी उलटल्यावर दूरशिक्षणातून बी.ए. केलं, तेही एका केटररने "मावशी, तुम्हाला काय कळतंय करारातलं" असं म्हटलं म्हणून. बी.ए. झाल्यावर मला चटकच लागली.

एम.ए.साठी लोकप्रशासन का, असं मुलीने विचारलं. ती मुंबईत ऑफिसला जाते आणि नायगावला टॉवरमध्ये राहते.

"मम्मी, मराठी घे. नाहीतर इतिहास. लोकप्रशासन म्हणजे नुसते नियम गं."

"नियमच शिकायचे आहेत. आजवर लोकांनी वाचून दाखवले, तेवढेच ऐकले."

भाजीच्या धंद्यात माणसाला खिडक्या फार बघाव्या लागतात. गाळ्याचा परवाना, वजनकाट्यावरचा शिक्का, टेम्पोचं पासिंग, पाणीपट्टी. खिडकीच्या अलीकडे उभी राहून मी पलीकडच्या माणसांवर खूप ओरडले आहे. कधी ओरडून काम व्हायचं, कधी नाही. का व्हायचं आणि का नाही, ते मात्र कधी कळलं नाही. मला खिडकीच्या पलीकडे काय चालतं ते बघायचं होतं.

अभ्यासकेंद्रात गेले तेव्हा काउंटरवर एक तिशीचा क्लार्क होता. एका कानात इअरफोन, दुसरा कान माझ्यासाठी मोकळा.

"अटी काय आहेत?"

"कुठल्याही शाखेची पदवी, मावशी."

"आहे."

"वयाची अट नाही."

"असती तर इथेच भांडले असते. पुढे बोल."

"बाकी सगळं माहितीपुस्तिकेत आहे. पीडीएफ पाठवतो मोबाइलवर. फुकट आहे."

फुकटच्या मालावर माझा कधीच विश्वास नव्हता. बाजारात जो फुकट देतो, तो तेवढं दुसरीकडून काढतो. मी म्हटलं, मला कागद हवा. तो म्हणाला, छापील पुस्तिका विकत घ्यावी लागेल. तेवढ्यात मला टेबलाखाली सुतळीने बांधलेला एक गठ्ठा दिसला.

"त्या कसल्या?"

"त्या गेल्या वर्षीच्या."

"आत काय वेगळं असतं?"

"तेच असतं मावशी. कव्हरचा रंग बदलतो."

"मग त्यातली अर्ध्या किमतीत दे."

तो नाही म्हणाला, मी हो म्हणाले, मागे रांग वाढली. शेवटी त्याने सुतळी सोडली. त्या दिवशी पुस्तिका छातीशी धरून बाहेर पडताना मी स्वतःवर इतकी खूश होते की स्कूटरची किल्ली काउंटरवरच विसरले.

हे सगळं मी लपवत नाही. जुनी पुस्तिका मीच मागितली. नवी मोबाइलवर फुकट येत होती, ती मी नाकारली. पण त्याने काय सांगितलं तेही लक्षात ठेवा. "तेच असतं."

घरी आल्यावर अटींचं पान फाडून फ्रिजवर लावलं. चार सत्रं. सोळा लेखी पेपर, प्रत्येकी चार क्रेडिट. प्रत्येक पेपरचा स्वाध्याय वेळेत दिला नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि शेवटच्या सत्रात सतरावा पेपर, क्षेत्रकार्य: एखाद्या सार्वजनिक कार्यालयात तीस दिवस, रोज दोन तास बसायचं, डायरी लिहायची, तिथल्या अधिकाऱ्याची रोज सही घ्यायची, मग अहवाल आणि तोंडी परीक्षा. एकूण अडुसष्ट. नवरा चष्मा वर करून ते वाचत राहिला आणि म्हणाला, "एवढ्यात तर माणूस पाद्री होऊन बाहेर येईल."

वर्ग रविवारी असायचे. पहिल्या रविवारी मी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेवरून परस्पर तिकडे गेले. अंगावर चांगली साडी, हातात पर्स, पायात टाचांच्या चपला. वर्गात शिरले तर सगळी पोरं उभी राहिली. केंद्रप्रमुख सर शिकवत होते, तेही खडू ठेवून पुढे आले.

"या मॅडम, बसा. विद्यापीठातून आलात ना? कळवलं असतं तर…"

"सांडोरवरून आले," मी म्हटलं. "ॲडमिशन आहे माझी."

वर्ग हसायचा थांबेना. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून पोरं मला "इन्स्पेक्टर मावशी" म्हणायला लागली. बहुतेक जण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे होते. त्यांना सिद्धान्त तोंडपाठ, पण हाताखाली माणूस कधी ठेवलेला नाही. सरांनी एकदा नियंत्रणकक्षा शिकवली. म्हणजे एका वरिष्ठाला किती माणसांवर नीट लक्ष ठेवता येतं. त्यांनी विचारलं, "कोणी अनुभवातून सांगेल?"

"चार," मी म्हटलं.

"चारच का?"

"वाडीत पाचवा लावला की तो केळीमागे जाऊन विडी ओढतो. आणि एकदा एक गेला की मग बाकीचेही जातात."

सर म्हणाले, "परीक्षेत आकडा लिहा, विडी लिहू नका." मी दोन्ही लिहिलं. त्या पेपरला मला बासष्ट मिळाले, आणि आकडा पाठ करणाऱ्यांना पन्नासच्या आसपास. ते सरांना मी आठवणीने दाखवलं.

अभ्यास वाडीत व्हायचा. सुकेळी करायच्या दिवसांत सोललेली राजेळी केळी उन्हात मांडलेली असायची, ती उलटत उलटत मी मोठ्याने वाचायचे. नवरा समोर बसून प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर की चूक हे त्याला कळायचं नाही, पण मी अडखळले की लगेच कळायचं. "थांबलीस," म्हणायचा. "थांबलीस म्हणजे येत नाही." अर्थसंकल्पाचे टप्पे मी असे पाठ केले, हाताला केळ्यांचा चीक लागलेला आणि पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली. ते पुस्तक अजून उघडलं की गोड वास येतो.

तीन सत्रं झाली. चौथं लागलं आणि मी क्षेत्रकार्याच्या मागे लागले. इथे माझ्या हातून धंदेवाईक चूक झाली, तीही लिहिते. वर्गात मी या पेपरचं नाव काढलं नाही. मला वाटलं, ही पोरं आळशी आहेत, शेवटच्या महिन्यात धावपळ करतील. त्याआधी चांगलं कार्यालय आपण धरावं. माल कुठून उचलतो हे बाजारात कोणी शेजारच्या गाळ्याला सांगत नाही. मी गुपचूप सरांच्या केबिनमध्ये गेले, परवानगीपत्र पुढे केलं. सर फोनवर होते. मान खाली घालून त्यांनी सही केली. डायरीच्या पहिल्या पानावर केंद्राचा शिक्काही मारून दिला. मी विचारलं, "सर, नीट करू ना?" ते फोनवर हात ठेवून म्हणाले, "करा, करा. छान करा."

मी छान केलं.

कार्यालय नायगावच्या बाजूचं होतं. नाव लिहीत नाही, तिथल्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. तक्रारींच्या खिडकीवर साताऱ्याकडच्या एक मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. पहिल्या दिवशी मी परवानगीपत्र दिलं. त्यांनी ते वाचलं नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या.

"तुम्ही त्याच ना? गटाराच्या झाकणावरून इथे ओरडून गेला होता?"

"त्याला चार वर्षं झाली."

"माझ्या कानात अजून आहे."

"झाकण बसलं ना पण?"

"बसलं. ते तुम्ही यायच्या आधीच मंजूर झालं होतं."

"मग तेव्हा सांगायचं होतं मला!"

"बोलू दिलंत कुठे, ताई?"

मी परवानगीपत्र पुन्हा पुढे सरकवलं. त्यांनी बाजूला खुर्ची सरकवली आणि आवक नोंदवही माझ्यापुढे ठेवली. खिडकीच्या पलीकडून अलीकडची माणसं कशी दिसतात, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सगळे एकाच वेळी बोलतात, आणि ज्या कागदाचं काम आहे तो घरी ठेवून येतात. मला सारखं वाटत होतं, मीसुद्धा अशीच दिसत असणार.

आठवडाभरात मी तिथे रुळले. तक्रार लिहून घेण्यात माझा हात बसला. पाच गाऱ्हाणी घेऊन आलेल्या माणसाला मी एकावर आणायचे. "पाच लिहिली तर पाचही लोंबकळतील. सगळ्यात जास्त टोचतं ते एक सांगा." मॅडम आधी कुरकुरल्या, मग स्वतःही तसंच करायला लागल्या.

आणि मग एक दिवस जूचंद्र गावची एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. मॅडम चहाला गेल्या होत्या.

"बाय, नलाला पानी नाय. चार दीस झाले."

"लिहून घेते, आजी."

"लिवून काय करू? दोन दिसान् पानी पायजे."

"दोन नाही होणार. पाच."

"पाच कशाला गो? तीन."

"चार. त्याच्या खाली नाही."

"तू पन ना…" म्हातारीने कपाळावर हात मारला. "बरं, चार. लिव."

मी लिहिलं. म्हातारी समाधानाने गेली, मीही समाधानाने बसले. मॅडम आल्या, त्यांनी नोंदवही पाहिली.

"हे चार दिवस कुणी दिले?"

"मी. ती दोनवर अडून बसली होती. चारवर आणली."

मॅडमनी चहाचा ग्लास टेबलावर ठेवला. "ताई, इथे भाव होत नाही. मुदत नियमात असते, तुमच्या-माझ्या तोंडात नसते. आणि पाणी सोडणारा माणूस या इमारतीत बसतसुद्धा नाही."

आयुष्यात हजार सौदे केले, पण जो माल माझा नाही तो मी कधी विकला नव्हता. आणि आज मी दुसऱ्याचं पाणी देऊन बसले होते. मॅडम रागावल्या होत्या, तरी त्यांनी लगेच कागद ओढून पत्र लिहिलं. मी ते घेऊन स्कूटरवरून पाण्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने उद्या या म्हटलं. जुनी मी असते तर तिथेच आवाज चढवला असता. मी विचारलं, "उद्या कुणाला भेटू, आणि त्यांच्याकडे हे पत्र आज पोहोचवायचं काम कुणाचं?" तो चपापला. हे वाक्य मला दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या पेपरने शिकवलं होतं. त्याने पत्र हातोहात आत नेलं. मग कळलं, रस्ता खणताना म्हातारीकडच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला होता, तो कुणी उघडलाच नव्हता.

चौथ्या दिवशी म्हातारी पुन्हा खिडकीवर हजर.

"आलं का पानी, आजी?" मीही तिच्यासारखंच बोलून गेले.

"कालच आलं. तीन दिसान्." तिने बोट नाचवलं. "मी तीनच म्हनत होते. उगा चार केलेस तू."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला शिक्का खाली पडला. मी हरले होते, सरळ हरले होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की घरी जाईपर्यंत स्कूटरवर एकटीच हसत होते. सिग्नलला एक रिक्षावाला विचारून गेला, "क्या हुआ आंटी, लॉटरी लगी?"

अहवालात या घटनेचं मी एक पूर्ण प्रकरण केलं. मथळा दिला, "अधिकार नसलेल्या व्यक्तीने दिलेलं आश्वासन". तोंडी परीक्षेला केंद्राने बोलावलेल्या एक वयस्कर प्राध्यापिका मुंबईहून आल्या होत्या. परीक्षेला मी एकटीच होते, पोरं अजून मागे असतील असं मला वाटलं. त्यांनी ते प्रकरण मला मोठ्याने वाचायला लावलं. म्हातारीच्या तीन आणि माझ्या चारवर पोहोचले तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग अर्धा तास कसून प्रश्न विचारले. अधिकार आणि जबाबदारी वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसली की काय होतं, यावर मी बोलत सुटले आणि त्यांनी मला थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बाई, हे पुस्तकात नाही." सर शेजारीच बसले होते. त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि गुणतक्त्यावर सही केली. अठ्ठ्याहत्तर. सगळ्या पेपरांत मला मिळालेले सगळ्यात जास्त गुण.

निकाल मोबाइलवर लागला. मुलीने वाचला. "मम्मी, फर्स्ट क्लास!" नवऱ्याने वाडीच्या कुंपणावरून शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, शेजाऱ्याने पुढच्या वाडीत. तासाभरात ओटीवर माणसं मावेनात. माझी जाऊ म्हणाली, "आता तुझ्याशी भांडायचं तर अर्ज करावा लागेल." फादरसुद्धा येऊन गेले, जाताना सुकेळ्यांचा पुडा नको नको म्हणत घेऊन गेले. मी मात्र मोबाइल हातात घेऊन ओळी मोजत होते. सोळा. पुन्हा मोजल्या. सोळाच.

"सतरावा कुठे आहे?"

मुलीने विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची पुस्तिका उघडली. खाली, अजून खाली, मग ती हळूच माझ्याकडे बघायला लागली. "मम्मी… तुझ्या बॅचला क्षेत्रकार्य नव्हतंच. त्याच वर्षी काढून टाकलं." आणि मग तिला हसू आवरेना. "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तुझ्याकडून जास्तीचं काढून घेतलं!"

सगळे हसले. मीही हसले. पण माझ्यातली बाजारातली बाई हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या काउंटरवर उभी होती.

"तेच असतं म्हणाला होतास," मी क्लार्कला म्हटलं.

त्याने दोन्ही इअरफोन काढले. "मावशी, जुनी पुस्तिका तुम्हीच घासाघीस करून नेलीत."

"नेली. मीही शिळी मेथी विकलेली आहे. पण शिळी आहे हे सांगून विकली आहे. ताजी म्हणून नाही."

आवाज ऐकून सर बाहेर आले. "अहो, पण पास झालात ना? तेही फर्स्ट क्लास. नुकसान काय झालं?"

"माझे अठ्ठ्याहत्तर गुण कुठे गेले?"

"त्या पेपरला विद्यापीठात आता खातंच नाही. अनुभव म्हणून धरा."

"अनुभव मला होता, सर. मी गुण घ्यायला आले होते."

त्यांनी खांदे उडवले. ते खांदे उडवणं मला अजून दिसतं. मी विद्यापीठाला अर्ज केला. उत्तर आलं की केंद्राकडे विचारणा करावी. केंद्राला लेखी विचारलं, तर तोंडी उत्तर आलं की विद्यापीठाकडे विचारा. दोन वर्षं लोकप्रशासन शिकल्यावर हा खेळ मला चांगला ओळखता येतो. त्याचं नाव काय, तेही सांगता येतं.

पदवी मला मिळाली आहे, ती कमी करा किंवा वाढवा असं मी म्हणत नाही. जुनी पुस्तिका घेतली ही माझी चूक, ती वर लिहिली आहे. वर्गात गप्प राहिले तीही माझीच. पण काम मी एकटीने केलं नाही. साताऱ्याच्या त्या मॅडमनी तीस सह्या केल्या, मुंबईच्या बाईंनी येऊन परीक्षा घेतली. त्या सगळ्यांचा वेळ खरा होता आणि माझे गुणही खरे आहेत.

तेव्हा सर, हे तुमच्यासाठी आहे. परवानगीपत्रावर तुमची सही आहे. डायरीवर तुमच्या केंद्राचा शिक्का आहे. गुणतक्त्यावर पुन्हा तुमची सही आहे, आणि या तिन्ही वेळी तो पेपर अभ्यासक्रमात नव्हता. मी बाहेरची होते, मला माहीत नव्हतं. तुमची तर खुर्चीच ते माहीत असण्यासाठी आहे. एकतर या विद्यार्थिनीने क्षेत्रकार्य पूर्ण करून अठ्ठ्याहत्तर गुण मिळवले असं केंद्राच्या कागदावर लिहून द्या, नाहीतर "मी न वाचता तीनदा मान्यता दिली" असं लिहून द्या. दोन्हींपैकी कोणतं खरं आहे, सर? लेखी सांगा.